हे शब्द कोणाचे? : सर्व्हरवरील वेब-प्रोग्रॅम आणि पॅरामीटर ह्यांच्या इतिहासाविषयी

भाषेच्या अभ्यासकास एक भेद आरंभीच शिकावा लागतो. शब्द वापरणे निराळे आणि शब्दाचा उल्लेख करणे निराळे. ‘गाय चरते’ असे म्हटले म्हणजे गोष्ट जनावराची असते. ‘गाय’ हे नाम स्त्रीलिंगी आहे असे म्हटले म्हणजे तेथे चरणारे कोणी नसते, गोष्ट केवळ शब्दाची असते. व्याकरणात आलेल्या शब्दाने, तो शास्त्रातील संज्ञा नसेल तर, अर्थाचा नव्हे तर स्वतःच्या रूपाचा बोध करून द्यावा, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात घालून ठेवला आहे. मराठीत बोलण्याच्या व्यवहारात हे काम ‘असे’ आणि ‘म्हणून’ ही पदे करतात. ‘मी उद्या येईन असे तो म्हणाला’ ह्या वाक्यातील ‘मी’ म्हणजे वाक्य सांगणारा नव्हे, हे ऐकणाऱ्यास ‘असे’ ह्या पदावरून कळते, आणि म्हणूनच सांगणाऱ्याची दुसऱ्या दिवशी कोणी वाट पाहत बसत नाही.

वेबच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा गेल्या तीन दशकांचा इतिहास ह्या भेदाच्या अंगाने वाचण्याजोगा आहे. अशा प्रोग्रॅमाला वाचकाकडून जी मूल्ये पोचतात, म्हणजे शोधावयाचा शब्द, नाव, परवलीचा शब्द, पृष्ठाचा क्रमांक इत्यादी, त्यांना पॅरामीटर म्हणतात. गणिताच्या परिभाषेत ‘प्राचल’ हा प्रतिशब्द आहे. तथापि ह्या व्यवसायात तो कोणी उच्चारीत नाही, सबब येथे रूढ शब्दच ठेवला आहे. पॅरामीटरांच्या हाताळणीत झालेल्या चुकांपायी अनेकांचे परवलीचे शब्द व खाजगी नोंदी चोरीस गेल्या, ह्याचा दोष सामान्यतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या निष्काळजीपणावर ठेवण्यात येतो. हे निदान अपुरे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. निष्काळजी माणसे सर्वच व्यवसायांत असतात. येथे विशेष हे घडले की, ‘हे शब्द कोणाचे?’ हा प्रश्न विचारण्याचे श्रम वाचविणाऱ्या सोयी एकामागून एक निर्माण करण्यात आल्या, आणि त्या सोयींनीच शब्दांचे मूळ पुसून टाकले.

जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालविला. आरंभीचा सर्व्हर म्हणजे कपाटातून कागद काढून देणारा कारकून होता. मागितलेले पान द्यावयाचे, इतकेच त्याचे काम. शोध घेण्याची सोय मात्र लवकरच निघाली. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालावयाचे व त्यापुढे हवे ते शब्द अधिकचिन्हांनी जोडून लिहावयाचे, अशी ती रीत होती. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए ह्या केंद्रात, रॉब मकूल ह्यांनी लिहिलेल्या सर्व्हरबरोबर ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ अथवा सीजीआय नावाचा संकेत प्रचारात आला. त्यानुसार सर्व्हर स्वतः उत्तर रचीत नाही. तो दुसरा एखादा प्रोग्रॅम सुरू करतो, वाचकाचा मजकूर त्याच्या स्वाधीन करतो, आणि तो प्रोग्रॅम जे छापील ते वाचकाकडे पोचते करतो. हा संकेत जगभर वापरला गेला. पण त्याचे रीतसर टाचण आरएफसी ३८७५ ह्या क्रमांकाने निघावयास ऑक्टोबर २००४ उजाडला. व्यवहार आधी व व्याकरण मागाहून, हा क्रम भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही.

मजकूर स्वाधीन करण्याच्या दोन रीती ठरल्या. ‘गेट’ रीतीत प्रश्नचिन्हापुढील सर्व मजकूर एका परिसरचलात, म्हणजे प्रोग्रॅम ज्या वातावरणात चालतो त्यातील एका नामांकित कप्प्यात, ठेवला जाई. ‘पोस्ट’ रीतीत तो प्रोग्रॅमाच्या प्रमाण निवेशमार्गाने येई आणि त्याची लांबी किती हे दुसऱ्या कप्प्यात सांगितलेले असे. दोहींतही मजकुराची घडण एकच होती. प्रथम नाव, मग बरोबरचिन्ह, मग मूल्य. दोन जोड्यांमध्ये अँपरसँडचे चिन्ह. कोऱ्या जागेसाठी अधिकचिन्ह. आणि ज्या चिन्हांना ह्या रचनेत विशेष अर्थ आहे ती मूल्यात आलीच तर त्यांच्याऐवजी टक्केचिन्ह व त्यापुढे षोडशमान पद्धतीचे दोन अंक. ह्या गाठोड्यात संख्या नाही, तारीख नाही, होय-नाही नाही. सर्व काही अक्षरमाला.

ह्या कच्च्या संकेताचा एक गुण होता. बाहेरून आलेला सर्व मजकूर एकाच गाठोड्यात येत असल्यामुळे तो बाहेरचा आहे ह्याविषयी संभ्रम राहत नसे. गाठोडे सोडणे हे प्रोग्रॅम लिहिणाराचे काम होते, आणि ते कंटाळवाणे होते. सोयींचा उगम ह्या कंटाळ्यात आहे.

त्या काळी दोषशोधन, ज्याला व्यवसायात डीबगिंग म्हणतात, कसे चाले हेही पाहिले पाहिजे. प्रोग्रॅम चुकला की वाचकाच्या पडद्यावर ‘५००, अंतर्गत दोष’ एवढेच उमटे. कारण सर्व्हरच्या दोषनोंदीत शोधावयाचे. ती वही पाहण्याची मुभा बहुधा व्यवस्थापकालाच असे, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घेतलेल्या माणसाला ती पाहावयास मिळेलच असे नाही. मग उरे तो सर्वांत जुना उपाय: प्रोग्रॅमात ठिकठिकाणी छापण्याच्या आज्ञा घालून चलांची मूल्ये पाहणे. येथेही एक गंमत होती. सीजीआयच्या नियमाप्रमाणे उत्तराच्या आरंभी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ व तिच्यानंतर एक कोरी ओळ यावयास हवी. दोष शोधण्यासाठी घातलेली छापण्याची आज्ञा त्या ओळीच्या आधी पडली, तर तिच्यामुळेच पुन्हा ५०० क्रमांकाचा दोष उद्भवे. गेट रीतीचे पॅरामीटर पत्त्यातच असल्यामुळे सर्व्हरच्या दैनंदिन नोंदीत आपोआप उतरत; पोस्टचे उतरत नसत. म्हणून परवलीचा शब्द गेटने पाठवू नये हे खरे, पण दोषशोधकाला साक्षीदार हवा असे आणि गेटची नोंद हा चांगला साक्षीदार होता. लिंकन स्टाइन ह्यांनी १९९५ च्या सुमारास पर्ल भाषेसाठी रचलेल्या ‘सीजीआय.पीएम’ ह्या लायब्ररीने गाठोडे सोडण्याचे काम तर अंगावर घेतलेच, शिवाय सर्व्हरवाचून, आज्ञापंक्तीवरच नाव-मूल्यांच्या जोड्या देऊन प्रोग्रॅम तपासता येईल अशी व्यवस्था केली. दोष ज्या ठिकाणी दिसतो तेथून तो जेथे उपजतो तेथपर्यंत जाण्याचा हा आडमार्ग फार उपयोगी पडला.

आता एका प्रसिद्ध अनर्थाकडे वळू. एनसीएसए आणि अपाची ह्या दोन्ही सर्व्हरांबरोबर नमुन्यादाखल काही सीजीआय प्रोग्रॅम दिले जात. त्यांपैकी ‘पीएचएफ’ हा इलिनॉय विद्यापीठातच उपजलेल्या ‘पीएच’ नावाच्या नामसूचीत नावे शोधण्यासाठी होता. वाचकाने फॉर्मात नाव लिहावे, प्रोग्रॅमाने त्या नावाची एक आज्ञा रचावी आणि ती युनिक्सच्या शेलकडे, म्हणजे आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या दुभाष्याकडे, सोपवावी. शेलच्या भाषेत अर्धविराम, उभी रेघ इत्यादी चिन्हांना विशेष अर्थ असतो हे रचनाकारांस ठाऊक होते. म्हणून त्यांनी अशा चिन्हांची यादी करून, मूल्यात ती आढळल्यास त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ घालणारे एक फलन लिहिले होते. त्या यादीत एक चिन्ह राहून गेले, ते म्हणजे नवी ओळ. टक्केचिन्हापुढे ‘शून्य-ए’ असे लिहिले की उलगडल्यावर नवी ओळ होते, आणि शेलच्या लेखी नवी ओळ म्हणजे नवे वाक्य. तेव्हा नावाच्या जागी कोणतेही एक अक्षर, मग नवी ओळ, मग खाते-नोंदींची धारिका दाखविण्याची आज्ञा, एवढे पत्त्यात लिहिले की सर्व्हर ती धारिका निमूटपणे वाचून दाखवी. मार्च १९९६ मध्ये सर्ट ह्या संस्थेने ह्याविषयी सूचना प्रसिद्ध केली, तोवर हा नमुना पुष्कळ ठिकाणी पोचला होता.

येथे काळजी घेतलीच गेली नव्हती असे म्हणता येत नाही. यादी होती, फलन होते, हेतू होता. जे नव्हते ते ‘असे’ हे पद. आज्ञा आणि उद्धृत नाव एकाच अक्षरमालेत शिवून टाकल्यावर वाक्य कोठे संपले हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे बोल उद्धृत करावयाचे त्याच्याच हाती गेला. माहितीसंचयांच्या एसक्यूएल भाषेत हीच गोष्ट अवतरणचिन्हाच्या रूपाने दिसते. तेथे उद्धृत मजकूर एकेरी अवतरणांत घालतात, आणि उघडणारे व मिटणारे चिन्ह एकच असते. मूल्यातच असे चिन्ह आले की अवतरण मिटते व पुढील शब्द आज्ञा म्हणून वाचले जातात. पुष्कळ प्रोग्रॅमरांना ह्याचा प्रथम प्रत्यय ‘ओ’ब्रायन’ अशा निरुपद्रवी आयरिश आडनावांनी दिला असावा. प्रोग्रॅम अडखळे, आणि तो फक्त आडनावाचा दोष समजला जाई. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ ह्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात ‘रेन फॉरेस्ट पपी’ ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या जेफ फॉरिस्टल ह्यांनी ह्याच अडखळण्यातून माहितीसंचयास हवी ती आज्ञा कशी देता येते हे दाखविले.

पर्ल भाषेचे जनक लॅरी वॉल हे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. अलिखित भाषेसाठी लिपी घडविण्याचा त्यांचा मनोदय होता, असे ते सांगत आले आहेत. त्यांच्या भाषेत मूळ पुसले जाऊ नये ह्यासाठी एक योजना वेबच्या पूर्वीपासूनच होती. दुसऱ्याच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ती मुळात केलेली होती. चौथ्या आवृत्तीबरोबर त्यासाठी एक निराळा प्रोग्रॅम मिळे. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत केवळ एका खुणेने ती लागू करता येऊ लागली. बाहेरून आलेले प्रत्येक मूल्य ओवळे मानावयाचे. त्याचा स्पर्श होऊन जे दुसरे मूल्य बनेल तेही ओवळे. आणि ओवळ्या मूल्याने शेलला आज्ञा देऊ पाहिली की प्रोग्रॅम थांबवावयाचा. सोवळे होण्याचा मार्ग एकच, मूल्याची घडण तपासून हवा तेवढा अंश वेचून घेणे. ज्या कल्पनेने आपल्या समाजाचे अतोनात नुकसान केले ती यंत्राच्या पोटात मात्र हितकारक ठरावी, ही विचित्र गोष्ट आहे. पण मूल्यांना मन नसते, माणसांना असते.

ह्याच भाषेत व्याकरणाच्या दुसऱ्या एका कोटीने घात केला, ती म्हणजे वचन. पर्लमध्ये एकच पद ज्या संदर्भात येते त्याप्रमाणे एकवचनी किंवा अनेकवचनी फल देते. सीजीआय.पीएम मधील पॅरामीटर मागण्याचे फलनही तसेच होते. एकवचनी संदर्भात पहिले मूल्य, अनेकवचनी संदर्भात त्या नावाची सर्व मूल्ये. गाठोड्यात एकच नाव कितीही वेळा येऊ शकते, हे लिहिताना सहज विसरले जाते. दोषनोंदींची व्यवस्था ठेवणाऱ्या ‘बगझिला’ ह्या प्रोग्रॅमात नवे खाते उघडताना नाव, मूल्य, नाव, मूल्य अशी माळ रचली जाई, आणि तिच्यात ‘खरे नाव’ हा पॅरामीटर थेट ओवलेला होता. ओवण्याची जागा अनेकवचनी संदर्भाची होती. कोणी ‘खरे नाव’ तीनदा पाठविले की पहिले मूल्य आपल्या जागी बसे, आणि उरलेली दोन नवी जोडी बनून आधी पडताळलेला खात्याचा पत्ता बदलून टाकीत. अशा रीतीने परक्या संस्थेच्या पत्त्याचे खाते मिळवून त्या संस्थेच्या माणसांपुरत्या राखलेल्या नोंदी पाहता येत. ऑक्टोबर २०१४ मध्ये हा दोष जाहीर झाला. जगभरचे दोष ज्या वहीत टिपले जातात त्या वहीतच तो वर्षानुवर्षे पडून होता. त्याच महिन्यात लायब्ररीने अनेकवचनी संदर्भात ताकीद देण्यास आरंभ केला, आणि २०१५ च्या पर्ल ५.२२ मधून तिला मूळ संचातून निरोप देण्यात आला. इतर भाषांतही एकमत नाही. तेच नाव दोनदा आले तर पीएचपी शेवटचे मूल्य धरते, जावाची सर्व्हलेट-व्यवस्था पहिले देते, आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपीमध्ये दोन्ही स्वल्पविरामाने जोडली जात. मार्गात दोन भिन्न व्यवस्था असल्या की एक तपासते ते मूल्य निराळे आणि दुसरी वापरते ते निराळे. ल्युका कारेत्तोनी व स्तेफानो दी पाओला ह्यांनी २००९ मध्ये ह्या प्रकाराची पद्धतशीर मांडणी केली.

सोयीने मूळ पुसले जाते ह्याचे शुद्ध उदाहरण पीएचपीचे आहे. रासमुस लेर्डोर्फ ह्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही साधने वैयक्तिक पृष्ठांसाठी होती, आणि त्यांत फॉर्मातील प्रत्येक नाव हे प्रोग्रॅमातील त्याच नावाचे चल होऊन बसे. गाठोडे सोडण्याचा प्रश्नच नाही! परंतु त्यामुळे आतले आणि बाहेरचे ह्यांच्यामधील भिंतही उरली नाही. परवलीचा शब्द जुळल्यास ‘अधिकृत’ ह्या चलात एक हा अंक घालावयाचा, असे प्रोग्रॅम म्हणतो. न जुळल्यास शून्य घालण्याचे लिहिणारा विसरतो, कारण नवे चल कोरेच असणार. पत्त्याच्या शेवटी ‘अधिकृत बरोबर एक’ असे जोडले की दार उघडते. डिसेंबर २००१ च्या ४.१ आवृत्तीत गेट व पोस्ट ह्यांच्या मूल्यांसाठी आपल्या मुळाचे नाव धारण करणारे स्वतंत्र संच आले. एप्रिल २००२ च्या ४.२ मध्ये जुनी सोय मुळात बंद ठेवण्यात आली. आणि ती समूळ गेली ती मार्च २०१२ च्या ५.४ मध्ये. जुने प्रोग्रॅम मोडतील ह्या भयाने मधल्या काळात कित्येक सर्व्हरांवर ती मुद्दाम चालू ठेवण्यात येई.

ह्याच भाषेतील ‘जादूची अवतरणे’ ही सोय तर विनोदी म्हणावी लागेल. येणाऱ्या प्रत्येक मूल्यातील अवतरणचिन्हाआधी, ते मूल्य कोठे जाणार हे न पाहता, उलटी रेघ घातली जाई. ओ’ब्रायन ह्यांना पाठविलेल्या पत्रातही ती रेघ दिसे, आणि फॉर्म परत परत दाखविला की रेघा वाढत जात. एका सर्व्हरवर सोय चालू, दुसऱ्यावर बंद, त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोन ठिकाणी दोन प्रकारे वागे. दोषशोधकाला ह्याहून वाईट परिस्थिती मिळणे कठीण. तीही ५.४ मध्येच गेली. खरा उपाय निराळाच होता, आणि तो नव्वदच्या दशकातच पर्लच्या डीबीआय ह्या लायब्ररीत उपलब्ध होता. वाक्य आधी, रिकाम्या जागा ठेवून, पूर्ण सांगावयाचे; मूल्ये मागाहून निराळ्या हाताने द्यावयाची. वाक्याचे व्याकरण अगोदरच ठरून गेल्यामुळे मूल्याने काहीही म्हटले तरी ते उद्धृतच राहते. पीएचपीमध्ये ही रीत २००४ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेल्या मायएसक्यूएलच्या नव्या जोडणीने सुलभ झाली.

मूल्याची तपासणी कोणत्या टप्प्यावर करावी, हाही प्रश्न लहान नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरात ऑक्टोबर २००० मध्ये आढळलेला दोष असा की, पत्त्यातील तिरकी रेघ युटीएफ-८ च्या अवैध लांब रूपात लिहिली तर तपासणी तिला ओळखीत नसे. पुढे उलगडताना मात्र ती तिरकी रेघच होई. मे २००१ मध्ये दोनदा उलगडण्याचा दोष सापडला. सप्टेंबर २००१ मधील ‘निमडा’ ह्या कीटकप्रोग्रॅमाने दोहोंचा उपयोग केला. एकच मजकूर दोनदा उलगडू नये, असे २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये स्पष्टच बजावले आहे.

लिपीचा हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकास फार जवळचा आहे. १९९४ च्या आरएफसी १७३८ मधील टक्केचिन्हांकन अक्षरांचे नव्हे, बाइटांचे होते. ते कोणत्या लिपीचे, हे गाठोड्यावर लिहिलेले नसे. नव्वदच्या दशकात मराठी पृष्ठे आपापल्या फाँटाच्या खाजगी संकेतांत असत, तेव्हा एका ठिकाणचे मूल्य दुसऱ्या ठिकाणी केवळ कचरा ठरे. युटीएफ-८ रूढ झाल्यावर ‘पुणे’ हा शब्द पत्त्यात नीट जाऊ लागला. चार संकेत, प्रत्येकी तीन बाइट, प्रत्येक बाइटास तीन चिन्हे, अशी त्याची ३६ चिन्हे होतात. तरीही अडचण सरली नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही आपल्या व्याकरणवर्गातली जुनी जोडी घ्या. ‘दऱ्या’ मधील अर्धा र युनिकोडात ऱ ह्या अक्षराने लिहिता येतो, र व नुक्ता असाही लिहिता येतो, आणि दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून र, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह अशा रूपातही चालतो. पहिली दोन रूपे युनिकोड समतुल्य मानते. तिसरे मानीत नाही. तेव्हा कोशाच्या शोधपृष्ठावर डोळ्यांना तंतोतंत तोच दिसणारा शब्द सापडत नाही, आणि दोषनोंदीत काहीच नसते. ह्याहून घातक म्हणजे मूल्ये ‘स्वच्छ’ करण्याच्या भरात अदृश्य चिन्हे सरसकट गाळणारे प्रोग्रॅम. त्यांच्या हातून तिसऱ्या रूपातील दऱ्यांचा दर्या होतो. बाहेरच्याचे बोल आज्ञा समजणे हा जसा प्रमाद, तसा ते बोल त्याला न विचारता बदलणे हाही.

दोषशोधकाचा साक्षीदार म्हणून वर ज्या नोंदवहीचा उल्लेख केला, तिचीच गोष्ट अगदी अलीकडची आहे. अपाची प्रतिष्ठानाची ‘लॉग४जे’ ही जावा भाषेतील लायब्ररी प्रोग्रॅमात घडणाऱ्या घटना टिपून ठेवते, आणि असंख्य सर्व्हरांत ती बसविलेली होती. नोंदीतील मजकुरात महिरपी कंसांत काही संदर्भ आढळला तर त्याचा अर्थ लावून मूल्य घालण्याची सोय तिच्यात होती, आणि २०१३ मध्ये त्या संदर्भांत दूरच्या सर्व्हरावरून वस्तू आणण्याचा एक प्रकार मिळविण्यात आला. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले की, ही सोय प्रोग्रॅमराने लिहिलेल्या मजकुरापुरती राहत नाही. नोंदीत उतरलेल्या पॅरामीटरालाही ती लागू पडते. शोधाच्या चौकटीत, नावाच्या रकान्यात, ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत, इतकेच काय ‘माइनक्राफ्ट’ ह्या खेळातील संभाषणाच्या खिडकीतही, एक ओळ टंकली की ती टिपून घेता घेता सर्व्हर परक्या ठिकाणचा प्रोग्रॅम आणून चालवू लागे. त्याच महिन्यात घाईने काढलेल्या २.१५ आवृत्तीत मजकुराचा असा अर्थ लावणे मुळात बंद ठेवण्यात आले, आणि त्यामागोमाग आलेल्या २.१६ मधून ती सोयच काढून टाकण्यात आली.